जमणार नाही

अँकरेज. फेब्रुवारी. पहाटेचे पावणेचार.
आमच्या खोलीला खिडकी नाही.
कुक इनलेटवरचा बर्फ मला कळतो तो
वैमानिकांच्या बोलण्यातून,
नाहीतर घरी पोचल्यावर बुटांना उरतो तेवढा.

पडद्यावर दोन ठिपके, एकाच रांगेत.
पुढे कीनाईचं पंख्यांचं विमान,
एकोणतीस माणसं, एक कुत्रा, वेग शंभरच्या आसपास.
मागे तैपेहून आलेलं मालवाहू, तीन इंजिनांचं,
पोटात ऐंशी टन खोकी.
मधे सहा मैल,
आणि ते आटत चाललेले.

शेजारी डाकानाय, शिकाऊ, वय चोवीस.
माइकमध्ये म्हणाला, "वेग एकशे तीस करा."
थोडी खरखर.
मग शांत, जवळजवळ पेंगुळलेला आवाज:
"जमणार नाही. एकशे अठ्ठावन्न. त्याखाली नाही."

पोराचे कान लाल.
त्याला वाटलं, माणूस आखडू आहे.
मी माइक घेतला,
कीनाईवाल्याला डावीकडे काढून एक फेरी मारायला लावली,
मोठ्याला आधी येऊ दिलं.
त्याच्यामागे हवा ढवळलेली असते,
म्हणून आणखी सहा मैल.
कीनाईवाला म्हणाला, "कुत्रा भुंकायला लागलाय."
मी म्हटलं, "नोंद घेतली."

ऐक डाकानाय.
दिलिंगहॅमला आमच्या घरामागे
भाऊ प्लायवूडची अख्खी फळी उचलून निघाला,
मी अर्धी.
वारा बेताचाच.
त्यानं भावाला फळीसकट कुंपणापर्यंत नेलं,
मी जागची हलले नाही.
संध्याकाळी वारा चढला तेव्हा माझी पाळी आली.
दोन टाके पडले, हे बघ, हनुवटीला.

एवढंच आहे.
पंखाच्या मानानं ओझं जास्त, तर वारा जास्त हवा.
आणि विमानाला वारा कोणी देत नाही,
तो पळून पैदा करावा लागतो.
एका वेगाखाली हवा हात काढून घेते.
ज्याचा त्याचा तो आकडा निराळा.
उतरायचं त्याच्या सव्वापटीनं.
पाव हिस्सा गाठीला बांधलेला,
झुळकीसाठी, चुकीसाठी,
रात्रभर जागलेल्या डोळ्यांसाठी.

हेच मालवाहू परवा रिकामं येईल
तेव्हा पंचवीस-तीस नॉटनी मवाळ असेल.
ओझं दुप्पट झालं म्हणून वेग दुप्पट होत नाही,
दीडपटीच्या आतच राहतो.
हवा हिशेबात तेवढी तरी उदार.

आकारावर जाऊ नकोस.
सातशे सत्तावन्न बघ, केवढं धूड,
पण पंख ऐसपैस,
फ्लॅप सोडले की आणखी पसरतात,
रस्ता ओलांडणाऱ्या मूससारखं निवांत येतं.
आणि ते लांबवलेलं सातशे सदतीस,
पिढ्यान्‌पिढ्या ताणून वाढवलेलं,
पाय मात्र आखूडच.
नाक जास्त उचललं तर शेपूट धावपट्टीला घासेल,
म्हणून नाक आवरून घाईनं येतं.
उर्मट नाही रे.
शेपूट सांभाळतंय.

"मग पंखच मोठे का नाही केले?"

पोरगं हुशार आहे.
मी म्हटलं, तैपे ते इथे नऊ तास.
मोठा पंख नऊ तास ओढायचा, तर इंधन कोण भरणार?
उतरणं शेवटच्या चार मिनिटांचं.
पंख बेततात ते बाकीच्या वेळेच्या मापानं,
आणि त्या चार मिनिटांत
सगळ्या वाटाघाटींचं बिल येतं:
एकशे अठ्ठावन्न.

तो काही बोलला नाही.
वहीत लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.
साडेपाचला होनोलुलूचं विमान आलं, तेव्हा
हुकूम सोडण्याआधी त्यानं विचारलं,
"तुमचा कमीत कमी वेग किती?"

सहाला सुपरवायझर दारात.
"इव्हानॉफ, दिवसाची पाळी पण घेशील? दोघं आजारी आहेत."
बावीस वर्षं मी याला हो म्हणत आले.
हेडसेट काढून टेबलावर ठेवला.
डाकानाय बघत होता.
घशात थोडी खरखर.